आलेखाची उलटी बाजू

बोद्दूल मॅडम कुठलाही आलेख सरळ बघत नसत. प्रिंटरमधून कागद बाहेर आला की तो पालथा करायच्या, खिडकीच्या काचेला लावायच्या आणि मागच्या बाजूनं बघत उभ्या राहायच्या. उजेडात ठिपके आरपार दिसायचे, पण आकडे आणि अक्षरं उलटी व्हायची, डावीकडचं उजवीकडे जायचं. मी विभागात नवीन होते तेव्हा मला वाटलं, चष्म्याचा काही त्रास असेल. विचारायचं धाडस नव्हतं. तेव्हा मी कुणालाच काही विचारत नसे.

आरपार दिसावं म्हणून कागदही त्या स्वतः आणायच्या. नवी पेठेतल्या एका वह्या-कागदाच्या दुकानात जाऊन सगळ्यात पातळ कागद मागायच्या. मी एकदा पिशवी धरायला बरोबर गेले होते. दुकानदार बिचारा ओशाळून म्हणाला, "मॅडम, हा नका नेऊ युनिव्हर्सिटीला. आरपार दिसतंय की ह्यातनं." मॅडम म्हणाल्या, "तेवढ्यासाठीच द्या." त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की ह्या बाईंना घरी नीट पोचव.

डॉ. अनसूया बोद्दूल आमच्या भौतिकशास्त्र विभागात शिकवतात. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणा बांधा, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ नेहमी काही तास मागं असायचं. नवा शिपाई आला की पहिल्या आठवड्यात खुर्चीवर चढून ते बरोबर करायचा आणि मॅडम ते पुन्हा मागं करायच्या. ते घड्याळ सोलापूरचं नव्हतंच. जिथं त्यांचा प्रयोग चालू होता, त्या डोंगरातलं होतं.

त्यांच्यावर लिहायला माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत. त्यांचे किती शोधनिबंध निघाले, कुठल्या देशांतल्या लोकांबरोबर निघाले, हे विभागाच्या फलकावर लावलेलंच आहे. मला फक्त मी बघितलेलं सांगता येईल.

मी नातेपुत्याच्या पलीकडच्या एका वाडीतली. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एम.एस्सी.ला सोलापुरात आले तेव्हा वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची, कारण उघडलं की 'हाय' आणि 'न्हाय' बाहेर पडायचं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ते हळूच परत म्हणून दाखवायचं.

मॅडमच्या पहिल्याच तासाला त्यांनी जत्रेतला पाळणा सांगितला, साखळ्यांना खुर्च्या टांगलेला, गोल फिरणारा. पाळणा जोरात फिरला की खुर्च्या बाहेर फेकल्या जातात, पण साखळी त्यांना धरून ठेवते. समजा साखळी सुतळीएवढी बारीक दिसतेय, आणि तरी खुर्ची सुटत नाही, तर काय समजायचं? मग त्या आकाशगंगेवर आल्या. कडेचे तारे इतक्या वेगानं फिरतात, की दिसणारं सगळं द्रव्य एकत्र केलं तरी त्याच्या ओढीनं ते धरून राहणार नाहीत. तरी ते उडून जात नाहीत. का?

पुढच्या बाकांवरून सूत्रं आली. मॅडम ऐकत होत्या आणि एकदम त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी उभी राहिले. तयारी काहीच नव्हती, त्यामुळे घरचं बोलणं आलं.

"कायतरी हाय मॅडम. पन दिसत न्हाय."

वर्ग हसला. मॅडम फळ्याकडे वळल्या आणि मी बोलले तसंच, एकही अक्षर न सुधारता, मोठ्ठं लिहिलं. मग बोटांवरचा खडू झटकत म्हणाल्या, "जगातली मोठमोठी मंडळी आयुष्यभर ह्याच्यावर काम करतायत. ह्या वाक्याच्या पुढं अजून कुणी गेलेलं न्हाय."

ते शेवटचं 'न्हाय' त्यांनी मुद्दाम म्हटलं की ओघात निघालं, मला आजही माहीत नाही. पण त्या दिवसापासून मी बोलायला लागले.

ह्या न दिसणाऱ्या द्रव्याला डार्क मॅटर म्हणतात, मराठीत कृष्णद्रव्य. ते पकडायला परदेशात एका डोंगराच्या पोटात, जुन्या खाणीत, मोठी टाकी बसवलेली आहे. तिच्यात गोठायच्या बेतापर्यंत थंड केलेला द्रव आहे. कृष्णद्रव्याचा कण त्यातल्या एखाद्या अणूला चुकून धडकला तर बारीकशी चमक होईल, एवढ्या आशेवर ती टाकी अंधारात बसून असते. आकाशातून येणारे दुसरे कण मध्येच अडावेत म्हणून वर डोंगर. कितीतरी देशांतले गट मिळून हा प्रयोग चालवतात. कुणी टाकी बांधली, कुणी चमक टिपणारे तिचे डोळे बनवले, कुणी विजेचं काम घेतलं.

मॅडम तरुणपणी तिकडेच होत्या. वडील गेले आणि आई एकटी राहिली म्हणून त्या सोलापूरला परत आल्या. तेव्हा बरोबरचे धरूनच चालले होते, की आता ह्यांचं संशोधन संपलं. ह्या नव्या प्रयोगाची कामं वाटली जात होती तेव्हा मॅडमनी आमच्या विभागासाठी कुणालाच नको असलेलं काम मागून घेतलं. टाकीत सारख्या चमका होत असतात. खडकातल्या किरणोत्साराच्या, तारांच्या, खुद्द यंत्राच्या. त्या टाकाऊ म्हणून बाजूला काढतात. मॅडम म्हणाल्या, तो कचरा आम्हाला द्या.

त्या कचऱ्यावर मॅडमनी वर्षानुवर्षं काम केलं. कुठली चमक कशामुळे होते, ती किती वेळ राहते, खऱ्या संकेताची नक्कल ती कशी करते. इरफान त्यांच्याकडे पीएच.डी. करायचा. विजापूर वेशीकडचा, बोलका, पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हणायचा, "हम कचरा डिपार्टमेंटवाले." आमचे विभागप्रमुख सरही अधूनमधून चिमटा काढायचे, की मॅडम, तुमच्या प्रत्येक शोधनिबंधात काहीतरी न सापडल्याचंच कसं असतं? मॅडमचं ह्यावर एकच उत्तर असे, "बघू या की." त्यांचं सगळ्यालाच हे उत्तर असे. एखादा मुलगा धावत येऊन म्हणाला की मॅडम, गणित सुटलं, तरी "बघू या की."

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी प्रकल्पासाठी त्यांच्याकडे गेले. एका रविवारी त्यांनी इरफानला आणि मला जेवायला बोलावलं. घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. गल्लीत शिरल्यापासून यंत्रमागांचा खडखडाट, आणि तो ऐकू न आल्यासारखी माणसं ओट्यावर गप्पा मारत बसलेली. मॅडमच्या आईला सगळी गल्ली अम्मा म्हणते. अम्मांनी दारातच हात धरला, "रा अम्मा, तिनु." मला तेलुगू येत नाही, पण ये, जेव, एवढं कळायला भाषा लागली नाही.

जेवताना अम्मांनी लेकीची तक्रार सांगितली. "हिला विचारते, काय शोधतेस गं? म्हणते, दिसत नाही ते. मी म्हणते, नवरा पण असाच शोधला असशील."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

अम्मांनी सगळा जन्म टॉवेल आणि चादरी तपासायच्या, म्हणजे चेकरच्या, कामात काढलेला. कारखान्यात मालाची घडी घालण्याआधी प्रत्येक नग तपासावा लागतो. त्या तो उलटा करून उजेडापुढं धरायच्या. लहानपणी मॅडम शेजारी बसून अभ्यास करायच्या. सुलट बाजूला नक्षी असते, आणि आपण नक्षी बघायला लागलो की बाकी काही दिसत नाही, असं अम्मांनी त्यांना सांगितलेलं. तेव्हा कुठं मला खिडकीच्या काचेवरच्या कागदाचा उलगडा झाला. आलेख सरळ बघितला की आपल्याला काय हवंय ते आपलं मन आधीच वाचून टाकतं. उलटा केला की नुसते ठिपके उरतात. "आधी डाग शोध, नक्षी नंतर बघ," मॅडम आम्हाला म्हणायच्या. त्याचं मूळ तिथं होतं.

मला बसायला जी चादर अंथरली होती, तिच्यात मध्येच एक फिका आडवा पट्टा होता. मॅडमनी त्यावरून सहज बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इथं लाईट गेली होती." चालता माग वीज गेली की थांबतो. वीज आली की पुन्हा सुरू होतो, पण सुरुवातीचे आडवे धागे नीट बसत नाहीत. म्हणून तिथं पट्टा उमटतो. कापड कितीही भारी असलं तरी, म्हणाल्या, माग कुठं थांबला होता ते कापड सांगतं.

मी ऐकलं आणि विसरले.

आता मुख्य गोष्ट.

त्या प्रयोगाचा एक कडक रिवाज आहे. टाकीतल्या नोंदी गोळा होत असताना, ज्या भागात खरा संकेत सापडायची शक्यता असते, तो भाग सगळ्यांपासूनच झाकून ठेवतात. कुठली नोंद खरी मानायची आणि कुठली टाकाऊ, हे नियम आधी ठरवायचे, त्यावर सगळ्यांनी हो म्हणायचं, आणि मगच तो झाकलेला भाग उघडायचा. मॅडम त्याला पडदा म्हणायच्या. पडदा काढल्यावर नियम बदलायचे नाहीत, कारण माणूस स्वतःला फसवण्यात फार हुशार असतो.

त्या वर्षी निम्म्या नोंदींवरचा पडदा काढला, आणि जिथं काही नसायला हवं होतं तिथं ठिपके दिसले. थोडे होते, पण दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते. त्या दिवशी सगळ्या देशांतल्या माणसांनी एकमेकांना काय काय लिहिलं असेल, मला कल्पना नाही. इरफाननं मात्र टेबलावर ताल धरला होता. हे खरं ठरलं तर जगात पहिल्यांदा कृष्णद्रव्य पकडलं गेलं असं होणार होतं, आणि त्या शोधनिबंधावर सगळ्यांबरोबर आमची तिघांची नावं असणार होती. मात्र सगळ्या गटांचं तपासून होईपर्यंत बाहेर एक शब्द काढायचा नव्हता.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी सकाळी फाटकातून आत येतेय, तर समोर भलामोठा फ्लेक्स. कृष्णद्रव्याचा शोध लावून सोलापूरचे नाव जगात गाजवल्याबद्दल मा. डॉ. अनसूया बोद्दूल मॅडम यांचे हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांचे फोटो, गॉगल घातलेले, त्यातला प्रत्येक फोटो मॅडमच्यापेक्षा मोठा. इरफाननं त्याच्या फ्लेक्सवाल्या मित्राला फक्त डिझाईन करून ठेव म्हणून सांगितलं होतं. मित्रानं मैत्रीखातर छापूनही टाकला आणि पहाटे बांधूनही टाकला.

मॅडम रिक्षातून उतरल्या. कमरेवर हात ठेवून सगळा मजकूर वाचला, शुभेच्छुकांच्या नावांसकट. इरफान तोपर्यंत दोरी सोडायला वर चढला होता आणि वरूनच माफी मागत होता.

"फाडू नकोस," मॅडम त्याला म्हणाल्या. "माल चांगला आहे."

फ्लेक्सची गुंडाळी करून ती आमच्या खोलीत कपाटामागं उभी केली. पण विभागप्रमुख सरांनी तेवढ्यात तो वाचला होता. त्यांनी सत्काराचं मनावर घेतलं. कुलगुरूंच्या कानावर घालतो, सभागृह धरून ठेवतो, असं सुरू झालं. खोटं कशाला सांगू, मलाही ते आवडत होतं. ही बातमी वाडीत कशी सांगायची, ह्याची वाक्यं मी मनात जुळवत होते.

मॅडम त्याच आठवड्यात नव्या ठिपक्यांचा आलेख घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. मी त्यांच्या मागं होते. ठिपके कुठल्या वेळी आले त्या क्रमानं छापले होते. सरळ बघताना मला त्यात आनंदाशिवाय काही दिसलं नव्हतं. उलट्या कागदात ते तीन ठिकाणी गोळा झालेले दिसत होते, मध्ये मोकळी जागा.

मॅडमनी कागदावरून आडवं बोट फिरवलं. मग न वळता विचारलं, "इरफान, इथं माग बंद पडला होता का?"

"माग?"

"यंत्र रे."

इरफाननं संगणकावर बघितलं. टाकीचं यंत्र मधूनमधून तपासणीसाठी बंद करावं लागतं. तिन्ही ठिकाणी, गोळा झालेल्या ठिपक्यांच्या जरा आधी, ते बंद करून पुन्हा सुरू केलेलं होतं. सुरू झाल्याबरोबर खोट्या चमका येतात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तेवढा वेळ नियमानं आधीच वगळलेला होता. पण तो वेळ पुरेसा नव्हता. ते ओळखू शकणारे जगात आम्हीच होतो, कारण यंत्र सुरू झाल्यावरचा कचरा वर्षानुवर्षं फक्त आमच्याकडे येत होता. आमच्याकडच्या नोंदींत त्या खोट्या चमका नियमापेक्षा फार उशिरापर्यंत रेंगाळत होत्या. नियमानं पट्टा कापला होता, पण पट्ट्याची फिकी कड कापडातच राहिली होती.

कृष्णद्रव्य आमच्या डोळ्यांदेखत नाहीसं होत होतं.

विभागप्रमुख सर चांगल्या मनाचे आहेत, हे मी आधी सांगते. त्यांनी मॅडमना बसवून समजावलं. येत्या बैठकीत आणखी एक विषय होता. लहान गटांपैकी कुणाला प्रयोगात पुढं ठेवायचं, ह्याचा निर्णय. वगळायच्या विचारात असलेल्या गटांत आमचंही नाव होतं. कचऱ्यावर काम करायला स्वतंत्र गट कशाला, असं तिकडच्या काहींचं म्हणणं होतं. सर म्हणाले, "एवढे मोठमोठे गट आहेत, त्यांना दिसेल ते दिसेल. तुम्हीच कशाला बोट दाखवताय? त्यांना दुखवलंत तर प्रयोगातून जाल. गप्प राहिलात तर इतिहासात जाल."

"सर," मॅडम म्हणाल्या, "डाग दिसल्यावर गप्प बसणारी चेकर कोण ठेवतं?"

पण त्यांनी एकट्यानं ठरवलं नाही. आम्हा दोघांना समोर बसवलं. त्या निबंधावर तुमचीही नावं आहेत, इरफानची पीएच.डी. ह्यावरच उभी आहे, गट गेला तर तुमचं काय, हे सगळं स्वतःच बोलून दाखवलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही सांगा.

इरफान बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत होता. "पट्टा है तो है, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "क्या करना."

मी उठून तो कागद पुन्हा काचेला लावला. पट्टा तिथंच होता. मॅडमनी मान हलवली, म्हणजे माझंही मत मोजलं गेलं.

बैठक संगणकाच्या पडद्यावर झाली, आपल्याकडे संध्याकाळ आणि तिकडे दुपार. पडद्यावर चौकटी चौकटींत माणसं. नोंदींची तपासणी बघणारे पाओलो नावाचे प्रमुख होते, पांढऱ्या दाढीचे, तोलून बोलणारे. मॅडमनी आलेख दाखवले. त्या इंग्रजी साधं आणि सावकाश बोलतात, वाक्याच्या शेवटी कधीकधी आपला 'की' निसटतो. सगळं ऐकून पाओलो म्हणाले, आणि त्यांचं चूक नव्हतं, की तुम्ही उत्तर बघून मग नियम बदलायला सांगताय. आपला रिवाज नेमका ह्याच्याविरुद्ध आहे.

मला वाटलं, संपलं.

मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. म्हणून मी बघितलेल्या भागाबद्दल काहीच मागत नाही. अजून निम्म्या नोंदींवर पडदा आहे. त्यांच्याबद्दल मी आज, सगळ्यांसमोर सांगते. यंत्र सुरू झाल्यानंतरचा किती वेळ खराब असतो, ते आमच्या कचऱ्यावरून ठरवून देते. पडदा काढाल तेव्हा ठिपके फक्त तेवढ्या वेळात असतील. बाहेर काही नसेल. बाहेरही तसेच ठिपके दिसले तर आमचा आक्षेप मागं, आणि आमच्या गटाचं काय करायचं ते खुशाल ठरवा."

पाओलोंनी विचारलं, "तुमची खात्री आहे?"

"बघू या," मॅडम म्हणाल्या, आणि अर्थात मागून 'की' आलाच.

पडदा काढायचा दिवस ठरला. मधल्या काळात मॅडमनी नेहमीसारखे तास घेतले. खराब वेळ किती, ते कागदावर उतरवून, आम्ही तिघांनी तपासून पाठवून दिलं होतं, आता त्यात कुणालाच हात घालता येत नव्हता. नवल म्हणजे, मी आता मनापासून इच्छा करत होते की काही सापडू नये. जगातल्या एवढ्या माणसांना जे सापडावं असं वाटत होतं, ते सापडू नये म्हणून मी वसतिगृहाच्या देवळीसमोर हात जोडून उभी राहिले. हे मॅडमना कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्या खोलीत गर्दी झाली. विभागातली मुलं आली, विभागप्रमुख सर आले, अम्मांनाही रिक्षानं आणलं. एवढ्या लोकांना एका लॅपटॉपवर दिसणार नव्हतं आणि प्रोजेक्टरचा पडदा दुसऱ्या कार्यक्रमाला गेला होता. मॅडमनी कपाटामागं बोट दाखवलं. इरफाननं फ्लेक्सची गुंडाळी काढली, उलटी करून भिंतीवर लावली. मागची बाजू पांढरीशुभ्र. तिच्यावर चित्र छान उमटलं.

अम्मांना हे काय कापड आहे ते बघायचं होतं. त्यांनी सवयीनं कोपरा धरून उलटला. आतून लेकीचा फोटो बघत होता.

"तोंड भिंतीकडे का केलंय हिचं?"

"शिक्षा आहे, अम्मा," मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले आणि त्याच हसण्यात तिकडून पाओलोंनी सांगितलं, की उघडतोय. फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीवर रिकामा आलेख आला. मॅडमनी ठरवून दिलेला वेळ करड्या रंगाच्या पट्ट्यांनी दाखवला होता. मग ठिपके उमटायला लागले. एक करड्या पट्ट्यात. दुसरा करड्यात. मग तीन-चार एकदम, सगळे करड्यात. त्यापुढं आम्ही वाट बघत राहिलो. पांढऱ्या भागात काहीच येत नव्हतं. येणारच नव्हतं. सगळं उघडून झालेलं होतं.

पाओलोंनी चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, "सोलापूर, पट्ट्यांच्या बाहेर तुम्हाला काय दिसतंय?"

मॅडम पुढं गेल्या. फ्लेक्सच्या कोऱ्या भागावर तळहात ठेवला, अम्मा टॉवेलवर ठेवत असतील तसा, आणि म्हणाल्या, "काही नाही."

टाळी पहिल्यांदा पाओलोंनी वाजवली. मग एकेका चौकटीत सुरू झाली. ज्यांचा शोध आत्ताच नाहीसा झाला होता ती माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि इकडे आमची मुलं बाकांवर चढली होती. इरफान रडत होता आणि रडत नाही म्हणत होता. विभागप्रमुख सर माझ्या शेजारीच होते. ते एवढंच म्हणाले, "सभागृह सोडायला नको." अम्मांनी मला विचारलं, हरलो की जिंकलो? मी म्हटलं, जिंकलो. मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

आमच्या गटाला ठेवायचं की नाही, हा विषय त्या बैठकीत निघालाच नाही. पुढच्या बैठकीत निघाला तो वेगळाच. सगळ्या प्रयोगातल्या टाकाऊ नोंदींच्या कामाची प्रमुख म्हणून मॅडमना नेमलं. आता कितीतरी देशांतले गट आपापला कचरा आधी सोलापूरला पाठवतात, आणि मोठ्या मोठ्या संस्थांतले लोक डोंगरातल्या घड्याळाऐवजी सोलापूरचं घड्याळ बघून बैठका ठरवतात. करडे पट्टे वगळून पुढं जो शोधनिबंध निघाला, त्यात कृष्णद्रव्य कुठं नाही हे तोवर कुणालाच सांगता आलं नव्हतं इतक्या बारकाईनं सांगितलेलं आहे. लेखकांची नावं वर्णमालेप्रमाणे. इरफानचं आहे. माझंही आहे, आडनावाच्या अक्षराप्रमाणे येतं त्या जागी.

पडदा काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी नवी पेठेतून पेढे आणले होते. हलवायानं विचारलं, काय पास-बीस झालं का कुणी? मॅडमनी सांगितलं, एक वस्तू शोधत होतो, ती सापडली नाही. त्यानं म्हणे दोन पेढे वर घातले, समजूत म्हणून.

मी वाडीवर फोन लावला. वडलांना आधी कधीतरी सांगितलं होतं, की मॅडम न दिसणारं काहीतरी शोधतायत.

"घावलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय घावलं, आण्णा."

"मग पेढं कशाचं?"

मी जमेल तसं सांगितलं. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. आण्णा म्हणाले, "म्हंजी दुसऱ्याचं मेंढरू आपल्या कळपात शिरलं हुतं, त्ये तुमी वळखलं. व्हय की न्हाय?" मी व्हय म्हटलं. "मग झालं की. आपलं कुटं जातंय? फिरत आसंल." नंतर त्यांनी हे अख्ख्या वाडीला असंच सांगितलं, आणि वाडीनं ते मान्य केलं.

सत्कार झाला. सभागृह भरलं होतं. मॅडमनी भाषणात शेवटी एकच चित्र दाखवलं. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात, 'कायतरी हाय पन दिसत न्हाय.' खाली माझं नाव. हसले सगळे, पण ते हसणं वेगळं होतं. आण्णा तिसऱ्या रांगेत फेटा बांधून बसले होते, आणि लेकीनं असं काय मोठं वाक्य काढलं ते शेजारच्याला विचारत होते.

ह्या उन्हाळ्यात मला पुढच्या संशोधनासाठी बाहेर प्रवेश मिळाला, त्या डोंगरातल्याच प्रयोगाच्या एका गटात. निघायच्या दिवशी पाया पडायला गेले. मॅडम पाया पडू देत नाहीत. त्यांनी पातळ कागदाचा एक गठ्ठा वर्तमानपत्रात बांधून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, तिकडे सगळं जाड मिळतं. तेवढ्यात नवा आलेख छापून आला. त्यांचं लक्ष तिकडे गेलं, आणि मी निघाले.

खाली रिक्षात बॅग ठेवताना वर बघितलं. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत कागद काचेला लावलेला होता. मागं मॅडमची सावली, वर केलेले दोन हात. मी हात केला. कागदामुळे त्यांना मी दिसत नव्हते. पण त्या उलटी बाजू बघत होत्या, म्हणजे सुलट बाजू माझ्याकडे होती. इतक्या लांबून आकडे वाचता येत नव्हते. कागदावर नवे ठिपके होते, एवढं दिसत होतं.

रिक्षावाला म्हणाला, चला की ताई. मी म्हटलं, जरा थांबा. मागच्यासारखे ठिपके तीन ठिकाणी गोळा झालेत का, ते मला बघायचं होतं.

झालेले नव्हते.